दगडी कोळशाचे वजन आणि कार्बनचा हिशेब : औद्योगिक उत्सर्जन-मापनपद्धतीची चिकित्सा
(विशेष संदर्भ : छत्रपती संभाजीनगर परिसर)

गोषवारा :
औद्योगिक बॉयलर व भट्ट्यांमध्ये जळणाऱ्या दगडी कोळशापासून किती कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणात जातो, हे बहुतांश ठिकाणी प्रत्यक्ष मोजले जात नाही; कोळशाचे वजन, उष्मांक आणि उत्सर्जन गुणक यांच्या गुणाकारातून ते काढले जाते. प्रस्तुत लेखात या गणनपद्धतीची चिकित्सा केली आहे. गुणकांविषयी जेवढी चर्चा होते तेवढी अनिश्चितता गुणकांत नाही. ती कोळशाच्या वजनात, उष्मांकाच्या आधारात आणि राखेत उरणाऱ्या कार्बनमध्ये आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि परळी या मराठवाड्यातील औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात या दोषांचे परिणाम तपासून काही व्यवहार्य सूचना शेवटी मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : दगडी कोळसा, उष्मांक, उत्सर्जन गुणक, औद्योगिक बॉयलर, मराठवाडा.

१. प्रस्तावना :
वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून सातत्याने मोजले जात आहे. चार्ल्स कीलिंग यांनी सुरू केलेल्या या नोंदींनुसार हे प्रमाण आरंभी दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले. हवेतील वायूचे हे खऱ्या अर्थाने मापन होय. मात्र हा वायू नेमक्या कोणत्या देशातून, कोणत्या उद्योगातून आणि कोणत्या धुराड्यातून आला, हे सांगण्याची वेळ येते तेव्हा मापनाची जागा गणन घेते. राष्ट्रीय अहवालांतील, कंपन्यांच्या वार्षिक प्रतिवृत्तांतील आणि शोधनिबंधांतील बहुसंख्य आकडे अशा गणनातून आलेले असतात. मापन आणि गणन यांतील हा भेद दुर्लक्षिला गेला की आकड्याला त्याच्या योग्यतेहून अधिक अधिकार प्राप्त होतो.

भारताच्या संदर्भात हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आराखडा कराराच्या सचिवालयास सादर केलेल्या चौथ्या द्विवार्षिक अद्ययावत अहवालानुसार, २०२० या वर्षी देशाचे हरितगृह वायूंचे एकूण उत्सर्जन (भूवापर व वनक्षेत्र वगळून) सुमारे २,९५९ दशलक्ष टन कार्बन डाय-ऑक्साइड-समतुल्य होते आणि त्यात ऊर्जा क्षेत्राचा वाटा सुमारे ७६ टक्के होता. या ऊर्जेचा कणा दगडी कोळसा हाच आहे. देशातील कोळशाचे उत्पादन २०२४-२५ मध्ये प्रथमच एक अब्ज टनांच्या पुढे गेले. एवढ्या कोळशाच्या हिशेबात प्रतिटन केवळ ०.१ टनाचा फरक पडला, तरी एकूण उत्तरात दहा कोटी टनांचा फरक पडतो. म्हणूनच या गणनपद्धतीची कठोर चिकित्सा होणे अगत्याचे ठरते.

२. गणनपद्धतीचे स्वरूप :
पद्धतीचा मूळ विचार सोपा आहे. कोळशातील कार्बन पूर्णपणे जळला, तर कार्बनच्या १२ भागांपासून कार्बन डाय-ऑक्साइडचे ४४ भाग तयार होतात. म्हणजेच एक टन कार्बनपासून सुमारे ३.६७ टन वायू निर्माण होतो. प्रत्येक कारखाना आपल्या कोळशातील कार्बनचे रासायनिक पृथक्करण करून घेत नाही, त्यामुळे उष्मांकाचा आधार घेतला जातो. कोळशाचे वजन गुणिले उष्मांक गुणिले उत्सर्जन गुणक गुणिले ज्वलन-पूर्णतेचा गुणक, असे त्याचे सूत्र आहे.

आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या, म्हणजेच आयपीसीसीच्या, २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या गणनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीत जागतिक सरासरी मूल्ये, दुसरीत देशाची स्वतःची मूल्ये आणि तिसरीत प्रत्यक्ष प्रकल्पातील मोजमापे वापरावयाची असतात. भारताने २००४ मध्ये आपला पहिला राष्ट्रीय अहवाल सादर करताना दुसऱ्या पायरीकडे महत्त्वाचे पाऊल टाकले. भारतीय कोळशाच्या पृथक्करणावरून बिगर-कोकिंग कोळशासाठी सरासरी निव्वळ उष्मांक प्रतिकिलो १९.६३ मेगाज्यूल आणि प्रतिटेराज्यूल २६.१३ टन कार्बन, अशी मूल्ये निश्चित करण्यात आली. यावरून उत्सर्जन गुणक प्रतिटेराज्यूल ९५.८ टन कार्बन डाय-ऑक्साइड येतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण २००६ पासून जो उत्सर्जनविषयक माहितीसंच प्रसिद्ध करते, त्यातही हेच मूल्य आधारभूत आहे. प्राधिकरणाने ते स्थूल उष्मांकाच्या आधारावर ९२.५ असे रूपांतरित केले आणि ज्वलन-पूर्णतेचा ०.९८ हा गुणक लावून ९०.६ हे अंतिम मूल्य घेतले.

या प्रयत्नांचे श्रेय मान्य करावयास हवे. अधिक राखेच्या भारतीय कोळशाला परदेशी कोळशाची मूल्ये लावणे चुकीचे आहे, हे या कार्यातून सिद्ध झाले. तथापि राष्ट्रीय सरासरी हे राष्ट्राच्या एकूण हिशेबाचे साधन आहे. एका औद्योगिक वसाहतीतील एका बॉयलरला ते जसेच्या तसे लावले असता काय घडते, हा वेगळा प्रश्न आहे.

३. एका ढिगाची चार उत्तरे :
एका काल्पनिक उदाहरणाने हा प्रश्न स्पष्ट करता येईल. एखाद्या कारखान्याने वर्षभरात १,००० टन कोळसा जाळला आणि त्याची प्रत ‘जी-११’ होती, असे समजू. या प्रतीचा स्थूल उष्मांक प्रतिकिलो ४,००० ते ४,३०० किलोकॅलरी असतो. त्याचा मध्य ४,१५० धरला, तर प्रतिटन सुमारे १७.४ गिगाज्यूल उष्णता मिळते. आता याच ढिगाचा हिशेब चार प्रकारे करता येतो.

(अ) प्रत्यक्ष स्थूल उष्मांक आणि प्राधिकरणाचा ९०.६ हा गुणक वापरल्यास उत्सर्जन सुमारे १,५७४ टन येते.
(आ) स्थूल उष्मांकालाच निव्वळ समजून ९५.८ हा गुणक लावला आणि ज्वलन पूर्ण झाले असे मानले, तर ते सुमारे १,६६५ टन येते.
(इ) उष्मांक न तपासता बिगर-कोकिंग कोळशाची राष्ट्रीय सरासरी मूल्ये घेतल्यास ते सुमारे १,८८१ टन येते.
(ई) आयपीसीसीची बिट्युमिनस कोळशासाठीची जागतिक मूल्ये, म्हणजे प्रतिटन २५.८ गिगाज्यूल आणि प्रतिटेराज्यूल ९४.६ टन, घेतल्यास ते सुमारे २,४४१ टन येते.

कोळसा तोच, बॉयलर तोच आणि धूरही तोच. पण पहिल्या व चौथ्या उत्तरांत ५५ टक्क्यांचे अंतर आहे. विशेष म्हणजे यांपैकी प्रत्येक उत्तर कोणत्या ना कोणत्या मान्यताप्राप्त दस्तऐवजाचा हवाला देऊन अहवालात लिहिता येते.

हे अंतर कोठून आले, हे पाहणे उद्बोधक आहे. उष्णतेच्या एककामागे कार्बन किती, हे सांगणारा गुणक जवळजवळ स्थिर आहे. आयपीसीसीची बिट्युमिनस व सब-बिट्युमिनस कोळशाची मूल्ये अनुक्रमे ९४.६ व ९६.१ असून भारतीय मूल्य ९५.८ आहे. ही तफावत दोन टक्क्यांच्याही आत आहे. मोठी तफावत उष्मांकात आहे. याचा अर्थ असा की, कार्यशाळांमधून व शोधनिबंधांतून ज्या गुणकाची हिरिरीने चर्चा होते, तो या हिशेबातील सर्वांत विश्वसनीय घटक आहे. जो घटक सर्वांत दुबळा आहे, त्याची नोंद कारखान्याच्या आवारात, बॉयलर-घरातील रजिस्टरमध्ये होते किंवा मुळीच होत नाही.

चीनच्या अनुभवाने या प्रतिपादनास पुष्टी मिळते. २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात झू लिऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चिनी कोळशाचे प्रत्यक्ष उत्सर्जन गुणक आयपीसीसीच्या मूल्यांहून सरासरी ४० टक्के कमी आढळले. त्याच अभ्यासात २००० ते २०१२ या काळातील ऊर्जावापर मात्र अधिकृत आकडेवारीहून १० टक्के अधिक असल्याचे दिसून आले. म्हणजेच एका बाजूस गुणवत्ता चुकली होती आणि दुसऱ्या बाजूस वजन. दोन चुका परस्परविरोधी असल्याने अंशतः झाकल्या गेल्या. राष्ट्रीय बेरजेत चुका अशा झाकल्या जातात. एकेका कारखान्याच्या हिशेबात त्या झाकल्या जातीलच, असे नाही.

४. प्रत, ओलावा आणि उष्मांकाचा आधार :
भारतात २०११ अखेरपर्यंत बिगर-कोकिंग कोळशाची प्रतवारी ‘उपयुक्त उष्णतामूल्या’वर होत असे. राख व ओलावा यांची टक्केवारी एका सूत्रात घालून (८,९०० वजा १३८ गुणिले त्यांची बेरीज) हे मूल्य काढले जाई. म्हणजेच त्या काळी कोळशाची उष्णतादेखील मोजली न जाता गणली जात होती. जानेवारी २०१२ पासून स्थूल उष्मांकावर आधारित १७ प्रतींची पद्धत लागू झाली. ही निश्चितच सुधारणा होती. पण प्रत हा मूलतः किमतीचा पाया आहे. खाणीने जाहीर केलेली प्रत, ग्राहकाला मिळालेली प्रत आणि प्रत्यक्ष भट्टीत गेलेल्या कोळशाची प्रत, यांत फरक पडतो. विद्युत केंद्रे व कोळसा कंपन्या यांच्यात या फरकावरून वाद होतात आणि त्रयस्थ संस्थेकडून नमुने तपासून घेतले जातात. एक प्रत घसरली म्हणजे जी-११ च्या बाबतीत सुमारे सात टक्के उष्णता कमी झाली. मोठ्या केंद्राकडे यासाठी प्रयोगशाळा व करार असतात. व्यापाऱ्याकडून ट्रकने कोळसा घेणाऱ्या लहान कारखान्याच्या हाती मात्र बहुधा वजनकाट्याची पावती आणि बिलावर लिहिलेला एक उष्मांक, एवढेच असते.

बिलावरचा हा उष्मांक कोणत्या आधारावर काढलेला आहे, हा त्याहून नाजूक प्रश्न आहे. प्रयोगशाळेत हवेत वाळविलेल्या नमुन्याचा उष्मांक आणि ट्रकमधून उतरलेल्या ओल्या कोळशाचा उष्मांक एक नसतो. आयात होणाऱ्या काही इंडोनेशियन कोळशात ओलाव्याचे प्रमाण बरेच असते, तेथे हा फरक लक्षणीय होतो. हवेत वाळविलेल्या नमुन्याचा उष्मांक ५,८०० किलोकॅलरी, त्यातील ओलावा १५ टक्के आणि उतरलेल्या कोळशातील एकूण ओलावा ३० टक्के असल्यास, प्रत्यक्ष आलेल्या कोळशाचा उष्मांक सुमारे ४,७७६ किलोकॅलरीच भरतो. बिलावरचा ५,८०० हा आकडा तसाच वापरला, तर उत्सर्जन सुमारे २१ टक्के अधिक दाखविले जाईल.

पावसाळ्यात याच चुकीची दुसरी बाजू दिसते. उघड्या आवारातील ढीग भिजला की त्याचे वजन वाढते. त्यातील कार्बन वाढत नाही. मे महिन्यात तपासलेला उष्मांक ऑगस्टमध्ये भिजलेल्या कोळशाच्या वजनाला लावणे, हा वरवर निरुपद्रवी वाटणारा प्रघात वार्षिक हिशेब बिघडवितो. म्हणून वजन व उष्मांक एकाच वेळच्या, एकाच स्थितीतील कोळशाचे असले पाहिजेत, ही या गणनाची पहिली अट ठरते. कोळशाचे नमुने घेण्यासाठी आयएस ४३६ आणि पृथक्करण व उष्मांक-निर्धारणासाठी आयएस १३५० ही भारतीय मानके दीर्घकाळ उपलब्ध आहेत. ती पाळली जात नसतील, तर दोष विज्ञानाच्या अभावाचा नसून शिस्तीच्या अभावाचा आहे.

५. राखेतील कार्बन :
प्राधिकरणाचा ०.९८ हा ज्वलन-पूर्णतेचा गुणक विद्युत केंद्रांसाठी योजलेला आहे. तेथे कोळसा पिठासारखा दळून फवारला जातो व जवळजवळ पूर्ण जळतो. लहान बॉयलरमध्ये जाळीवर खडा कोळसा टाकला जातो. तेथील राखेत व क्लिंकरमध्ये काळे, अर्धवट जळालेले तुकडे राहतात. मागील उदाहरणातील १,००० टन कोळशात ४० टक्के राख असून, बाहेर पडणाऱ्या अवशेषात १० टक्के कार्बन उरला असे मानल्यास, सुमारे ४४४ टन अवशेषात ४४ टन कार्बन राहतो. मूळ कोळशातील सुमारे ४३८ टन कार्बनच्या तुलनेत हा दहावा हिस्सा आहे. अशा वेळी उत्सर्जन १,५७४ ऐवजी सुमारे १,४४४ टन येते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेणे आवश्यक आहे. एक, हे कमी उत्सर्जन कारखान्याच्या कार्यक्षमतेचे लक्षण नाही. ते वाया गेलेल्या इंधनाचे लक्षण आहे. केवळ कोळशाच्या टनामागे उत्सर्जन पाहणारा अहवाल अशा कारखान्याला शाबासकी देईल, तर तयार झालेल्या वाफेच्या टनामागे पाहणारा अहवाल त्याची खरी स्थिती दाखवील. दोन, ही राख पुढे वीटभट्टीत जाऊन जळाली, तर उरलेला कार्बन तेथे हवेत जातो. तो हिशेबात कोणाच्या नावावर पडणार, याचे उत्तर सध्याच्या पद्धतीत सहज मिळत नाही.

मराठवाड्यात आणखी एक गुंतागुंत संभवते. उसाचे चिपाड, कपाशीच्या पऱ्हाट्या, सोयाबीनचे भुसकट यांपासून बनविलेल्या कांड्या ‘व्हाइट कोल’ या नावाने बॉयलरमध्ये वापरल्या जातात. साखर कारखान्यांत बगॅस हे मुख्य इंधन असते. जैविक इंधनाचे उत्सर्जन आंतरराष्ट्रीय संकेतानुसार ऊर्जा क्षेत्राच्या बेरजेत न धरता स्वतंत्र नोंदविले जाते. रजिस्टरमध्ये ‘घन इंधन’ या एकाच रकान्यात कोळसा व कांड्या यांची नोंद होत असेल, तर हा संकेत पाळणे अशक्य होते. नावात ‘कोल’ असलेले हे इंधन कोळशाच्या बेरजेत जाण्याचा आणि त्याउलट कोळसा जैविक इंधनाच्या नावाखाली लपण्याचा, असे दोन्ही धोके संभवतात.

६. धुराड्यातील मापन : पर्याय व मर्यादा :
गणन एवढे सदोष असेल तर धुराड्यातच वायू का मोजू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिकेत १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीनंतर मोठ्या कोळसा-विद्युत केंद्रांत अशी अखंड मापनयंत्रणा बसविण्यात आली. परंतु धुराड्यातून जाणारे वस्तुमान काढण्यासाठी वायूच्या प्रमाणाबरोबर त्याचा प्रवाहही मोजावा लागतो, आणि रुंद धुराड्यातील भोवरेयुक्त प्रवाहाचे मापन अवघड असते. २००८ मध्ये अॅकरमन व सन्डक्विस्ट यांनी अमेरिकी केंद्रांच्या इंधनाधारित व धुराड्याधारित आकड्यांची तुलना केली. त्यात राष्ट्रीय बेरजा एकमेकींच्या जवळ असल्या, तरी एकेका केंद्राच्या आकड्यांत मोठी तफावत आढळली. म्हणजे यंत्र बसविल्याने वाद मिटतो असे नाही. मात्र दोन स्वतंत्र मार्गांनी आलेले आकडे समोरासमोर ठेवता येतात, हा त्याचा खरा लाभ आहे.

भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी १७ प्रवर्गांतील उद्योगांना अखंड ऑनलाइन मापनयंत्रणा बसविण्याचे निर्देश दिले. तिचा रोख धूलिकण, सल्फर डाय-ऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे इत्यादींवर आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये सुरू केलेला उद्योगांचा तारांकन कार्यक्रमदेखील धूलिकणांवर आधारित होता. आरोग्याच्या दृष्टीने हा अग्रक्रम योग्यच आहे. तरीही एका विसंगतीकडे लक्ष वेधले पाहिजे. लहान बॉयलरसाठीच्या धूलिकणांच्या मानकांत, मोजलेले प्रमाण १२ टक्के कार्बन डाय-ऑक्साइडच्या आधारावर दुरुस्त करून सांगण्याची अट आहे. म्हणजे धुराड्याची तपासणी करताना कार्बन डाय-ऑक्साइडची टक्केवारी मोजावीच लागते. ती धूलिकणांच्या आकड्याला दुरुस्त करण्यापुरती वापरली जाते आणि नंतर तिचा उपयोग संपतो.

बॉयलर चालविणाऱ्यालाही ही टक्केवारी अपरिचित नाही. ऑर्सॅट उपकरणाने किंवा फायराइट संचाने तो ती पाहतो आणि ती वाढली की ज्वलन चांगले झाले असे समजतो, कारण कमी टक्केवारी म्हणजे अनावश्यक हवा तापविण्यात इंधन वाया गेले. त्याच्या दृष्टीने धुरातील कार्बन डाय-ऑक्साइडचे अधिक प्रमाण हा गुण आहे, तर पर्यावरण-अहवालाच्या दृष्टीने त्याच वायूचे अधिक वस्तुमान हा दोष आहे. दोन्ही भूमिका बरोबर आहेत. प्रमाण आणि वस्तुमान यांतील हा भेद प्रशिक्षणात स्पष्ट केला गेला नाही, तर कारखान्यातील माणसाला अहवाल परका वाटतो आणि अहवाल लिहिणाऱ्याला कारखाना.

७. कायदे आणि अहवाल काय विचारतात ?
नियामक दस्तऐवजांचे वाचन केल्यास असे दिसते की, कोळशाविषयी अनेक जण प्रश्न विचारतात, पण प्रत्येकाचा प्रश्न निराळा असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात इंधनाचा प्रकार, परिमाण आणि गंधकाचे प्रमाण असते. कार्बनचे प्रमाण नसते. बाष्पकविषयक कायद्याचा, १९२३ च्या जुन्या व त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या नव्या, भर सुरक्षिततेवर आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’ योजनेत उद्दिष्ट खनिज तेल-समतुल्य टनांत, म्हणजे ऊर्जेत, ठरविले जाते. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना उत्सर्जनाची माहिती द्यावी लागते. पण लहान पुरवठादार उद्योग या यादीत नाहीत. ऊर्जा संवर्धन (सुधारणा) अधिनियम, २०२२ आणि जून २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना यांमुळे प्रथमच उत्पादनाच्या टनामागे उत्सर्जनाची बंधनकारक उद्दिष्टे आली. २०२५ च्या पहिल्या नियमांत ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि लगदा-कागद या चार क्षेत्रांचा समावेश होता.

छत्रपती संभाजीनगर परिसरातील उद्योगांचे स्वरूप पाहता यातील उणीव जाणवते. चिकलठाणा, वाळूज, पैठण आणि शेंद्रा येथील वसाहतींत वाहनांचे सुटे भाग, औषधे, मद्यनिर्मिती असे विविध उद्योग आहेत. ज्या उद्योगांत वाफ हे उत्पादनाचे साधन आहे, तेथे बॉयलर आहे. पण बॉयलर हे नियामकाच्या दृष्टीने ‘क्षेत्र’ नाही. लहान बॉयलरांची बेरीज मोठी असू शकते आणि ती कोणत्याच एका क्षेत्राच्या नावावर येत नाही.

हा प्रश्न आता व्यापाराशी जोडला गेला आहे. युरोपीय संघाच्या कार्बन सीमा समायोजन यंत्रणेचा माहिती देण्याचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ पासून आणि मुख्य टप्पा १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला. तिच्या कक्षेत लोखंड-पोलाद येते, आणि जालना हे पोलादाच्या पुनर्वेल्लनाचे महत्त्वाचे केंद्र आहे. या यंत्रणेत प्रत्यक्ष माहिती नसल्यास प्रमाणित मूल्ये लावली जातात. वरील उदाहरणातील १,५७४ आणि २,४४१ यांतील अंतर तेव्हा पैशात मोजले जाईल. ज्याच्याकडे नीट रजिस्टर नाही, त्याला इतरांची सरासरी विकत घ्यावी लागेल.

८. परळीची वीज आणि वाळूजचा हिशेब :
कारखान्याचे स्वतःच्या बॉयलरमधील उत्सर्जन आणि त्याने घेतलेल्या विजेमागचे उत्सर्जन, असे दोन भाग अहवालात वेगळे दाखविले जातात. विजेसाठी प्राधिकरणाने काढलेला राष्ट्रीय जाळ्याचा सरासरी गुणक वापरतात. २०२३-२४ साठी तो प्रतियुनिट सुमारे ०.७३ किलो होता. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचे जाळे जोडले जाऊन संपूर्ण देशाचे एकच जाळे झाल्यावर एकच गुणक असणे तर्कसंगत आहे. पण त्यामुळे जवळच्या केंद्राचे वास्तव हिशेबातून नाहीसे होते.

बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक विद्युत केंद्र १९७१ पासून कार्यरत आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र पूर्णपणे बंद ठेवावे लागले. त्या काळात मराठवाड्याच्या भूमीवरील कोळशाचे उत्सर्जन घटले. परंतु वाळूजच्या कारखान्यांनी वापरलेली वीज अन्य ठिकाणच्या कोळशातून येतच राहिली. स्थानिक उत्सर्जनाचा आलेख पाहणाऱ्यास ती घट पर्यावरणाची प्रगती वाटेल, प्रत्यक्षात ती दुष्काळाची नोंद होती. आकडा आणि त्याचे कारण यांची ताटातूट झाली म्हणजे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण या विभागात क्वचितच सापडेल.

याच मुद्द्याची दुसरी बाजू अशी. ७५ टक्के कार्यक्षमतेच्या कोळसा-बॉयलरमधून एक गिगाज्यूल उष्णतेची वाफ मिळविताना सुमारे १२१ किलो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. तीच वाफ विजेच्या बॉयलरमधून घेतल्यास सुमारे २७८ युनिट वीज लागते आणि सध्याच्या गुणकाने सुमारे २०० किलो उत्सर्जन होते. कारखान्याचे स्वतःचे उत्सर्जन शून्य दिसते. एकूण उत्सर्जन मात्र वाढते. जाळ्यातील सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तसे हे चित्र बदलेल. तोपर्यंत अहवालाचे दोन्ही भाग एकत्र वाचल्याशिवाय ‘कोळसामुक्त कारखाना’ या विधानास अर्थ नाही.

९. निष्कर्ष व सूचना :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. औद्योगिक कोळशाच्या उत्सर्जनाचे गणन तत्त्वतः भक्कम आहे. त्याची सूत्रे व गुणक पुरेसे विश्वसनीय आहेत. त्याचे दौर्बल्य वजन, उष्मांकाचा आधार, राखेतील कार्बन आणि इंधनांची सरमिसळ या चार ठिकाणी आहे. ही चारही ठिकाणे कारखान्याच्या आवारात आहेत, त्यामुळे उपायही तेथूनच सुरू होऊ शकतात. त्या दृष्टीने पुढील सूचना करता येतील.

१) कोळशाच्या रजिस्टरमध्ये वजनाबरोबर उष्मांक, तो स्थूल की निव्वळ, कोणत्या ओलाव्याच्या आधारावर आणि कोणत्या तारखेच्या नमुन्याचा, यांची नोंद असावी.
२) कोळसा व जैविक इंधन यांचे रकाने स्वतंत्र असावेत.
३) जाळीवरच्या बॉयलरांच्या राखेतील कार्बन वर्षातून किमान दोनदा, उन्हाळ्यात व पावसाळ्यात, तपासावा.
४) उद्योगांकडून दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत घेतल्या जाणाऱ्या पर्यावरण विवरणपत्रात कोळशाचा उष्मांक व त्याचा आधार, हे दोन रकाने वाढवावेत. धुराडे-तपासणीतील कार्बन डाय-ऑक्साइडची टक्केवारी तेथेच नोंदविल्यास पडताळणीचे एक साधन विनाखर्च उपलब्ध होईल.
५) अहवालात उत्सर्जनाचा आकडा वाफेच्या किंवा उत्पादनाच्या टनामागेही द्यावा आणि त्यासोबत अनिश्चिततेची मर्यादा नमूद करावी.
६) या विभागातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व अभियांत्रिकी विभागांनी बॉम्ब कॅलरीमापीचा उपयोग प्रात्यक्षिकापुरता मर्यादित न ठेवता, औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या कोळशाचे नमुने ऋतुनिहाय तपासावेत. अशा तपासणीला अधिकृत प्रमाणपत्राचे मूल्य नसेल. परंतु चार-पाच वर्षांच्या नोंदींतून मराठवाड्यात जळणाऱ्या कोळशाची स्वतःची सरासरी मूल्ये हाती येतील. आज ती उपलब्ध नसल्यानेच विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि प्राध्यापकांचे शोधनिबंधदेखील जागतिक किंवा राष्ट्रीय सरासरीवर विसंबून राहतात.

शेवटच्या सूचनेचे महत्त्व अध्यापकवर्गाच्या दृष्टीने विशेष आहे. उत्सर्जन कमी करण्याचे निर्णय उद्योग व शासन घेतील. पण ते ज्या आकड्यांवर घेतले जातील, ते आकडे तपासण्याची साधने महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही आहेत. त्यांचा उपयोग झाल्यास या परिसराच्या कार्बनचा हिशेब परक्या सरासरीवर अवलंबून राहणार नाही.